कोटाच्या खिशातलं भात

सप्टेंबरचा मधला आठवडा. पासलीत पावसाची झड ओसरली होती, पण पाऊस सुटला नव्हता. घटकाभर ऊन, की लगेच बुरबूर. बांधावरून पुढे चाललेले मामा एकाएकी थांबले, वाकले आणि भाताचं एक पान खुडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. पान हिरवंगार होतं. त्यावर चार ठिपके होते, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, सूत कातायच्या चातीसारखे. पोटात राखेचा रंग, कडेला तपकिरी रेघ. विडीचं जळतं टोक कुणी टेकवून उचलावं, तसं पान डागलं होतं.

"ह्यो करपा," मामा म्हणाले. "औंदा लौकर आलाय."

वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या दिशेनं निघालं की वाटेत पासली लागतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं, तरी आमच्या घरात अजून सगळे वेल्हेच म्हणतात. चहूबाजूंनी डोंगर, मधे पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, वर वरकस रानात नाचणी आणि वरई. मामांची बहुतेक खाचरं इंद्रायणीची. ओढ्यालगतचं एक खाचर मात्र दरवर्षी आंबेमोहोराचं. विकायला नाही. बाळंतिणीच्या पेजेला, सणाला, माहेरी आलेल्या लेकीच्या शिध्याला. करपा आला होता तो नेमका त्याच खाचरात. शेजारी हातभर अंतरावर इंद्रायणी बऱ्यापैकी निरोगी उभी होती.

त्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. तो शिकायला इटलीत तुरीनला असतो. घरात रेंज येत नाही, म्हणून मी आणि मामा वरच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. मिलानच्या गाडीनं तो आदल्या दिवशी व्हर्चेल्ली नावाच्या गावी जाऊन आला होता. खिडकीतून त्याला मैलोन्‌मैल पिवळं पडत चाललेलं भात दिसलं आणि तो उतरूनच पडला. तिथे तांदूळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये त्याच्या गप्पा झाल्या. यंदा पीक कसं, असं विचारल्यावर म्हाताऱ्यानं मान हलवली आणि एकच शब्द उच्चारला, ब्रुझोने. मग बांधावरचं एक पान तोडून दाखवलं. भाच्यानं त्याचा फोटो काढला होता.

मामांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चातीसारखे ठिपके, पोटात राख, कडेला तपकिरी रेघ.

"आरं, ह्यो तर आपला करपा!"

पलीकडे भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आजोबा, त्यांच्या बोलीत जाळण्याला ब्रुझे म्हणतात. ब्रुझोने म्हणजे जळका रोग. म्हणजे करपाच."

हजारो मैलांवरच्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन शेतकऱ्यांनी पानावरचा तोच डाग पाहिला आणि दोघांनाही भाजण्याचंच नाव सुचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा रोग तिथे कधी पोचला, त्यांनी त्याचं काय केलं आणि मामांच्या त्या एका खाचराशी त्याचा संबंध काय, हे शोधल्यावाचून मला राहवेना.

उत्तर इटली म्हटलं की आपल्याला द्राक्षांचे मळे आठवतात, आणि ते खरंच आहे. पिएमोन्ते प्रांताच्या टेकड्यांवर नेब्बिओलो नावाचं द्राक्ष पिकतं. नेब्बिया म्हणजे धुकं, त्यावरूनच या द्राक्षाचं नाव पडलं असं तिकडे सांगतात. बारोलो ही तिथली नावाजलेली वाइन याच द्राक्षाची. पण टेकड्या उतरून पो नदीच्या सपाटीवर आलं, की वेली संपतात आणि खाचरं सुरू होतात. युरोपीय संघात पिकणाऱ्या तांदळातला सुमारे निम्मा तांदूळ एकट्या इटलीचा, आणि त्यातला बराचसा व्हर्चेल्ली, नोव्हारा, पाव्हिया या पट्ट्यातला. आल्प्सचं बर्फ वितळून येणारं पाणी तिथे कालव्यांनी खेळवलं आहे. पो नदीतून निघणारा कावूर कालवा सुमारे ८५ किलोमीटर लांब. तो १८६३ ते १८६६ या अवघ्या तीन वर्षांत, बहुतांशी माणसांच्या हातांनी खणला गेला. ज्याचं नाव त्याला दिलं तो इटलीचा पहिला पंतप्रधान कावूर, स्वतः भात पिकवणारा जमीनदार होता. कालव्याची पहिली कुदळ पडायच्या आधीच, १८६१ साली तो वारला.

या पट्ट्यातली भातलावणी आणि बेणणी बायकांच्या पाठीवर चालायची. मोंदीने म्हणत त्यांना. मे-जून महिन्यांत दूरदूरच्या गावांतून आगगाड्या भरभरून त्या येत, आठवडेच्या आठवडे गुडघाभर पाण्यात वाकून तण काढत, आणि वाकल्यावाकल्या गात. व्हर्चेल्लीच्या या बायकांनीच १९०६ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. आमच्याकडे आवणीला इरलं पाठीवर घेऊन रांगेत वाकलेल्या बायका पाहिलेल्या कुणालाही ते चित्र वेगळं समजावून सांगायला नको. पाण्याखाली हाताला लागणारा चिखल तोच, आणि रात्री कमरेतून निघणारी कळही तीच. खाचराच्या पाण्यात जे जगतं ते ताटात येतं, हाही नियम दोन्हीकडे सारखा. आपल्याकडे चढणीचे मासे आणि खेकडे, त्यांच्याकडे बेडूक.

व्हर्चेल्लीचं खास जेवण म्हणजे पानिस्सा. चरबीत मुरवून ठेवलेलं डुकराच्या मांसाचं मऊ सॉसेज, कांदा, राजम्यासारखे ठिपक्यांचे दाणे आणि तांदूळ. तांदूळ आधी चरबीवर कोरडाच परततात, मग त्यावर पेलाभर लाल वाइन ओततात, ती आटली की दाण्यांचं पाणी थोडं थोडं घालत शिजवतात. भात पाण्यात जन्मतो आणि वाइनमध्ये मरतो, अशी तिकडे म्हण आहे. खाचरांच्या उत्तरेला जरा चढ लागला की गात्तिनारा गाव येतं. तिथे पुन्हा नेब्बिओलोच्या वेली. पाणी आणि वाइन यांच्यात तिथे फार अंतर नाही.

हा तांदूळ काय मोलाचा होता, ते १७८७ सालच्या एका गोष्टीवरून कळतं.

थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत होते. अमेरिकेच्या कॅरोलायना भागातला तांदूळ पॅरिसच्या बाजारात येत असे, पण गिऱ्हाईक पिएमोन्तेच्या तांदळाला पसंती देई. व्यापाऱ्यांना कारण विचारलं तर ते म्हणत, तुमच्या तांदळात चुरी फार, त्यांचा दाणा अख्खा राहतो. जेफरसन यांनी तर्क केला की भात भरडायचं यंत्र त्यांच्याकडे काहीतरी वेगळं असणार. ते यंत्र पाहिलं, त्याचा आराखडा मायदेशी पाठवला, की काम झालं. मनगटाच्या दुखण्यावर उपाय म्हणून ते दक्षिण फ्रान्सला निघालेच होते. मार्सेच्या बंदरात त्यांनी चौकशी केली, पण यंत्राबद्दल कुणालाच धड सांगता येईना. तेव्हा एप्रिलमध्ये खेचरावर बसून त्यांनी आल्प्स ओलांडला आणि तुरीन, व्हर्चेल्ली, नोव्हारा करत ते थेट भाताच्या मुलखात पोचले.

यंत्र दिसलं. उखळांची रांग, पाण्याच्या जोरावर वरखाली होणारी मुसळं. जेफरसन पाहतच राहिले. कॅरोलायनातल्या आपल्या मित्रानं ज्याचं वर्णन केलं होतं, हुबेहूब तेच हे यंत्र! मग तांदूळ वेगळा का? उत्तर एकच उरत होतं. बीच वेगळं होतं. दाण्याची जातच निराळी.

मला या कथेतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. माणूस यंत्राच्या शोधात डोंगर ओलांडून जातो आणि शोध लागतो तो बियाण्याचा. आजही पीक बिघडलं की आपली नजर आधी यंत्राकडे, खताकडे, औषधाकडे जाते. मुठीतल्या बीकडे सगळ्यात शेवटी.

पण बी न्यायचं कसं? सडलेला तांदूळ हवा तेवढा न्या, पण पेरता येईल असं भात सरहद्दीपार नेलं तर देहदंड, असा त्या राज्याचा कायदा असल्याचं जेफरसन यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांनी पोज्जो नावाच्या एका खेचरवाल्याला गाठून पोतंभर भात जेनोआ बंदरापर्यंत पोचवायचं ठरवलं, पण त्याच्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या कोटाचे आणि वरच्या डगल्याचे खिसे भाताने भरले आणि ते जेनोआच्या वाटेला लागले. एका देशाचा राजदूत, पुढे जो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष व्हायचा, तो खिशात भात भरून सरहद्द ओलांडतो आहे. प्रत्येक नाक्यावर त्याचा हात खिशाकडे गेला असेल, असं मला वाटतं.

ते भात चार्ल्सटनला पोचलंही. आणि तिथल्या शेतकऱ्यांना ते नको झालं! राल्फ इझार्ड या जमीनदारानं उलट टपाली काळजी कळवली, की हे हलक्या जातीचं भात आपल्या भाताच्या शेजारी लावलं तर दोन्हींची मिसळ होईल आणि आपलं चांगलं बी नासेल. वरवर पाहता कृतघ्नपणाच हा. पण मामींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. एकदा भेळ झाली की बी गेलं."

आणि मग करपा आला.

पिएमोन्तेत तोवर पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ एकाच जातीचं भात घेतलं जात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ब्रुझोनेनं त्या साऱ्या मुलखाला ग्रासलं. पानावरचा डाग ही या रोगाची नुसती वर्दी. खरा घाव बसतो तो लोंबी बाहेर पडल्यावर. लोंबीच्या मानेशी काळा पट्टा येतो, वर जाणारा रस तुटतो, मान मोडते आणि सगळी लोंबी पांढरीफटक, पोकळ होऊन लोंबकळते. वाऱ्यावर हलते तेव्हा भरल्या लोंबीसारखी सळसळ येत नाही, कागदासारखा कोरडा आवाज येतो. हा आवाज मी मामांच्या खाचरात ऐकला आहे. तो ऐकताना मामा एक शब्द बोलले नव्हते.

ज्या राज्यात बी बाहेर नेणाऱ्याला देहदंड सांगितला होता, त्याच मुलखाला आता बाहेरून बी आणावं लागलं. तुरीनमध्ये जन्मलेला जुझेप्पे मारिया काल्लेरी हा धर्मप्रसारक पूर्वेकडे गेला होता. १८३९ साली त्यानं आशियातल्या भाताच्या ४३ वाणांचं बी मायदेशी पोचवलं. पिएमोन्तेच्या शेतात जुन्या एका जातीच्या जागी नाना जातींची गर्दी झाली. आज आपण ज्याला इटालियन तांदूळ म्हणतो, त्याच्या रक्तात आशियाचं रक्त आहे ते असं.

रोग कशानं होतो, हे मात्र अजून कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. जमिनीनं, पाण्यानं, हवेनं, खतानं... वाद वर्षानुवर्षं चालला. पाव्हियाच्या विद्यापीठात सांतो गारोवाल्यो यांनी १८७४ साली बुरशीवर बोट ठेवलं. त्याच विद्यापीठात काम केलेल्या फ्रिदियानो काव्हारा यांनी १८९२ साली त्या बुरशीला नाव दिलं, पिरिक्युलारिया ओरायझी. पिरिक्युलारिया हे नाव तिच्या बीजाणूच्या आकारावरून, पेअर फळासारख्या. ओरायझा म्हणजे भात. जगभरातल्या शेतकी शाळांत आज करप्याच्या बुरशीचं जे शास्त्रीय नाव शिकवतात, ते उत्तर इटलीतल्या खाचरांच्या काठावर पडलेलं आहे. भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद झाली १९१३ साली, मद्रास इलाख्यात. मामांच्या पणजोबांना तो त्याआधीही माहीत असणार, पण त्यांची नोंद कोण घेणार?

ही बुरशी पानात शिरते कशी, ते कळायला पुढची शंभर वर्षं लागली. दवाच्या थेंबात बीजाणू रुजतो, त्याला एक बारीक नळी फुटते आणि नळीच्या टोकाला घुमटासारखा गोल फुगवटा तयार होतो. घुमटाची भिंत काळ्या रंगद्रव्यानं इतकी घट्ट लिंपलेली असते की बाहेरचं पाणी आत शिरतं, पण आत साठलेलं ग्लिसरॉल बाहेर पडू शकत नाही. आत दाब चढत जातो. १९९१ साली तो मोजला गेला, तेव्हा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे चाळीसपट निघाला. मग घुमटाच्या तळातून एक खुंटी पानाची कातडी फोडून आत घुसते. डोळ्यांना न दिसणारा जीव, पण त्याचा जोर एवढा. रात्रीचा गारवा, पानावर पहाटेपर्यंत टिकणारं दव, दिवसा बुरबूर आणि युरियाचा सढळ हात, हे जमलं की त्याला आणखी काही लागत नाही. पासलीचा सप्टेंबर म्हणजे नेमकं हेच.

व्हर्चेल्लीत १९०८ साली भात संशोधन केंद्र उभं राहिलं. पुढची पन्नासेक वर्षं तिकडे संकराचा ध्यास होता. व्हर्चेल्लीजवळच्या आर्बोरियो गावाच्या नावाचा तांदूळ १९४६चा. त्याच्या आदल्याच वर्षी, महायुद्ध संपता संपता, मिलानजवळच्या पाउल्लो गावी दे वेक्की नावाच्या शेतमालकाच्या रानात व्यालोने आणि लेंचिनो या दोन जातींच्या संकरातून कार्नारोली जन्मला. हा तांदूळ लोळतो, उत्पन्न कमी देतो, आणि करप्यालाही बळी पडतो. तरी रिसोत्तोसाठी तिकडचे जाणते आचारी त्याचंच नाव घेतात. त्याचा दाणा बाहेरून मऊ होऊन रसाला घट्टपणा देतो, पण गाभा शाबूत ठेवतो.

हे वाचताना मला सारखा आंबेमोहोर दिसत होता. उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, एकरी कमी येतो, करपा त्याला आधी धरतो. आणि तरी त्याच्यासाठी ओढ्याकाठचं एक खाचर दरवर्षी राखलं जातं.

आपल्याकडे या कोड्याशी झुंजणारी माणसं वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात बसली होती. त्यांच्या हातात दोन जाती होत्या. एक, आंबेमोहोर १५७, म्हणजे स्थानिक आंबेमोहोरातूनच निवडलेला वाण. गरवा, उंच, मोहोराच्या वासाचा. दुसरी, आयआर ८. ही फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेली आणि १९६६ साली बाहेर आलेली बुटकी जात. तिनं आशियाला उपासमारीतून वर काढलं, पण तिचा दाणा जाड, आणि भात गार झाला की कडक. एकीला वास, दुसरीला बळ. दोघींचं लग्न लावायचं.

हे लग्न कसं लागतं, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. भाताचं फूल म्हणजे दोन तुसांच्या मधली गव्हाएवढी पोकळी. सकाळी ऊन चढलं की तुसं उघडतात आणि तासा-दोन तासांत पुन्हा मिटतात, तेवढंच काय ते फुलणं. आत सहा पुंकेसर आणि पिसासारखे दोन चिमुकले तुरे. फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, म्हणून संकर करायचा तर ते उघडायच्या आधीच गाठावं लागतं. आदल्या दिवशी लोंबीतल्या एकेका फुलाचा शेंडा बारीक कात्रीनं छाटायचा, चिमट्यानं सहाच्या सहा पुंकेसर काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही, आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीची फुललेली लोंबी आणून तिच्यावर झटकायची. पिवळी धूळ उडते, दिसेल न दिसेल अशी. महिन्याभरानं पिशवीत मिळतात ते थोडेसे दाणे, छाटलेल्या तुसांतून उघडे पडलेले. ते पेरायचे, त्यांचे दाणे पेरायचे, पुन्हा त्यांचे. दुसऱ्या पिढीत रोपं विस्कटतात. कुठे वास आहे पण उंची आजीची, कुठे बुटकेपणा आहे पण वास नाही. हजारो रोपांतून हवी ती निवडत सात-आठ पिढ्या काढायच्या. दरवर्षी पावसाळा एकच, आणि करपाही दरवर्षी परीक्षेला हजर.

१९८७ साली तिथून जी जात बाहेर पडली, तिला शेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव मिळालं, इंद्रायणी. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे, सगळ्या खाचरांत ती पसरली. आज पुण्यात घरोघरी मऊ, किंचित चिकट, वासाचा भात म्हणून जो शिजतो, तो बहुतेक वेळा हाच. मामांच्या घरात दोन मुलांचं शिक्षण इंद्रायणीवर झालं. त्या कागदी पिशव्या बांधणाऱ्या माणसांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. जेफरसन यांचे खिसे इतिहासात गेले. वडगावच्या त्या चिमट्याची गोष्ट मला त्याहून कमी रोमांचक वाटत नाही.

वासाचं कोडंही याच काळात उलगडत होतं. १९८२ साली कॅलिफोर्नियात रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगंधी भातांतला मुख्य घटक वेगळा काढला. ब्रेडच्या भाजल्या कडेला आणि मक्याच्या लाह्यांना येणारा वास त्याच द्रव्याचा. आपण बासमतीचं पान म्हणून कुंडीत लावतो, त्यातही तेच. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्या मागचं जनुक शोधलं. बहुतेक सुगंधी भातांत हे जनुक मोडलेलं असतं. ते धडधाकट असलं की वासाचं द्रव्य साठत नाही, मोडलं की साठतं. कधीकाळी कुणाच्या तरी खाचरात एका रोपाच्या बीजात हा बिघाड झाला, त्याचा भात शिजवताना कुणा बाईनं झाकण उचललं, आणि तिनं त्या रोपाचं बी वेगळं ठेवलं. आंबेमोहोराचं नाव ठेवणाऱ्या नाकापर्यंत ही वाट तिथूनच येते.

डिसेंबरात मी पुन्हा पासलीला गेले. आंबेमोहोर निम्म्याहून कमी आला होता, पण आला होता. भाच्यानं पानिस्साची कृती लिहून पाठवली होती आणि मी पुण्याहून लाल वाइनची बाटली नेली होती. अकलूजजवळ इटालियन भावांनी भारतीय भागीदारांबरोबर संजोवेझे द्राक्षाची लागवड केली आहे, तिथली. मामींनी स्वयंपाकघरात बाटली येऊ दिली नाही, म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडली. सॉसेज नव्हतंच. शेतातले ओले पावटे सोलले, कांदा परतला, त्यावर नवा आंबेमोहोर टाकला, आणि दाणे चकाकले तशी वाइन ओतली. वाफ उठली. जांभळट रंग चढला.

मामांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"भात ग्वाड लागतोय," ते म्हणाले. "पन वास कुठं ग्येला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कार्नारोलीला स्वतःचा असा दरवळ नाही. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणा निवडला तो दुसऱ्याचा रस पिणारा. वाइन, हाडांचा अर्क, केशर, जे द्याल ते पोटात घेऊन उभा राहणारा. आमच्या बायकांनी निवडला तो स्वतः दरवळणारा. त्याला मीठ-पाणी पुरतं, वर साजूक तूप. त्याच्यावर वाइन ओतणं म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. दोन्हीकडे पाणी तेच, वाकलेल्या पाठी त्याच, रोग तोच आणि त्याचं नावही तेच. निवड मात्र वेगळी, आणि ती दाण्यात उतरलेली.

दुसरी चूल मामींनी पेटवली. साधा भात. झाकण उचललं तेव्हा अंगणात फाल्गुन आला.

दुपारी बियाण्याची झोडणी होती. करप्याच्या खाचरातच फिरून मामांनी निरोगी लोंब्या हातानं खुडून आणल्या होत्या, ज्या रोपांच्या माना मोडल्या नव्हत्या नेमक्या त्या. इंद्रायणीच्या मळणीचं खळं बाजूला होतं, तिथे या लोंब्या न्यायच्या नाहीत, असा मामींचा दंडक. त्यांनी अंगण पुन्हा सारवून घेतलं होतं, त्यावर धुतलेलं लुगडं अंथरलं आणि लोंब्या पायांनी मळल्या. मग सूप घेऊन बसल्या. दाणे पाखडले, पसरले, आणि बोटानं एकेक सरकवत पाहू लागल्या. मला सगळे सारखेच दिसत होते. त्यांचं बोट थांबलं. एक दाणा किंचित लांब होता, तुसाला तांबूस छटा होती. तो त्यांनी चिमटीत उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि कोंबड्यांकडे भिरकावून दिला. मग बोट पुन्हा पुढे सरकू लागलं.